पंप उतरवण्याआधी : मिस्त्रींच्या प्रतिक्रियेला उत्तर

मिस्त्री, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी : जुन्या टाटा १६१२ ट्रकचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) थडथडत असेल, मिसिंग मारत असेल (एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल), तर चालू इंजिनवर एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट सैल करून बघा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर मिस्त्री म्हणतात, "हे अर्धवट ज्ञान वाटू नका, कुणाचा तरी हात जाईल. सहाही नोझल आणि पंप सरळ टेस्ट बेंचवर टाकायचे, विषय संपला." पंप म्हणजे नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा, आणि टेस्ट बेंच म्हणजे हे भाग इंजिनबाहेर तपासायचं यंत्र.

हाताचं आधी. तिथे तुम्ही बरोबर आहात आणि मी निष्काळजी होतो. सैल नटातून दाबाने उडणारी डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते तेव्हा फक्त टोचल्यासारखं वाटतं. रक्तही धड येत नाही, माणूस हळद दाबतो आणि परत कामाला लागतो. काही तासांत हात सुजून काळा पडायला लागतो. असं झालं तर जखम केवढीशी आहे हे न बघता लगेच मोठं हॉस्पिटल गाठायचं. नट अर्धा फेराच सैल करायचा, वर जाड फडकं धरायचं, डोळ्यांना चष्मा हवा, आणि पाइपला चीर आहे का हे बोटाने कधीच चाचपायचं नाही. हे सगळं लेखात नव्हतं. आता घातलंय. ज्याला नटाला हात लावायचाच नसेल त्याने गार इंजिन चालू करून मिनिटभरात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) सहाही तोंडांवर पाण्याचे दोन-दोन थेंब टाकावेत. जिथलं पाणी चटकन उडत नाही, तो सिलिंडर आळशी.

पण "सरळ बेंचवर" हे मला पटत नाही, आणि त्याला कारण आमचीच गाडी. कोकणातून चिऱ्याच्या खेपा चालू होत्या. अंबा घाट चढून आल्यावर आयडलला कधी भकभक, कधी ठीक. पंप उतरवला, बेंचवर कॅलिब्रेशन (सगळ्या नोझलना सारखं डिझेल जाईल असं जुळवणं) झालं, चार दिवस गाडी उभी, पैसे गेले ते वेगळेच. पंप परत चढवला आणि दुसऱ्या दिवशी तीच भकभक. शेवटी क्लीनरने युक्ती केली : टाकीची लाइन सोडली आणि डिझेलचा कॅन केबिनला टांगून त्यातून फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला) नळी दिली. इंजिन एकदम शांत! टाकीपासून येणारा रबरी पाइप क्लिपखाली चिरला होता. तो ओढीच्या बाजूचा, त्यामुळे बाहेर डिझेलचा थेंब नाही, आत मात्र हवा. खाली ओल शोधत बसलो असतो तर जन्मात सापडलं नसतं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी मला एकच गोष्ट कळायला हवी असते : मिस एकाच सिलिंडरचा आहे की भटकता? नट सैल केल्यावर ज्या सिलिंडरला इंजिनचा आवाज बदलतच नाही, तो आजारी. सहापैकी एकच तसा निघाला तर त्याचं नोझल शेजारच्याशी बदलायचं. मिस नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागेवरच राहिला तर त्या सिलिंडरचा टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब), आणि त्यानंतर पंपाचं एलिमेंट (डिझेलला दाब देणारा दट्ट्या) किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (नोझलकडे डिझेल सोडणारी झडप). इथे तुमचा बेंच मला मान्य आहे. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तरीही पंप उतरवाच.

मिस भटकता असेल तर मात्र हवा, चोंदलेला फिल्टर, नाहीतर पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह (जादा डिझेल परत सोडणारी झडप). टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं तरी गाडी तासाभराने दम टाकते. आणि सहाही सिलिंडर सारखेच काम करत असतील, तरी केबिन हलत असेल, तर इंजिन फाउंडेशनचे रबर बघा. त्यासाठी नोझल बदललेली माणसं मी पाहिली आहेत.

पंप उतरवणं फुकट नसतं, हे तुम्हाला मी काय सांगणार! परत चढवताना टायमिंग थोडं जरी हललं तरी गाडी ठोकायला लागते किंवा पांढरा धूर सोडते, आणि मालक म्हणतो, आणली तेव्हा बरी होती.

एक गोष्ट तुमच्याकडून शिकायची आहे. नोझल काढलं की खालचा तांब्याचा वायसर (वॉशर) पुष्कळदा आतच चिकटून राहतो. घाईत त्यावर नवा बसवला जातो, दोन वायसरांवर नोझल वर उचललं जातं आणि फवारा भलतीकडे जातो. आम्ही ग्रीस लावलेला टॅप (आटे पाडायचं हत्यार) हलकेच फिरवून जुना वायसर ओढून काढतो, पण एकदा त्याचा कीस सिलिंडरमध्ये पडलाच. तुम्ही कसा काढता?