फेरतपासणीत चूक सापडली म्हणजे संशोधन ‘खोटं’ ठरलं का?

जंताच्या गोळीबद्दलचा एक दावा 2015 पासून वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. दहा फेब्रुवारीचा राष्ट्रीय जंतनाशक दिन जवळ आला की त्याला पुन्हा पाय फुटतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शाळांतून गोळ्या वाटायला ज्या केनियातल्या संशोधनाचा आधार दिला जातो, ते फेरतपासणीत खोटं निघालं, आकडे दडवले होते, मुलांवर न विचारता प्रयोग झाले, म्हणून गोळी निरुपयोगी.

मूळ संशोधन एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांचं, 2004 साली प्रसिद्ध झालेलं. पश्चिम केनियातल्या बुसिया भागातल्या 75 शाळांचे 25-25 चे तीन गट केले. पहिल्याला 1998 पासून, दुसऱ्याला 1999 पासून आणि तिसऱ्याला 2001 पासून औषध मिळालं.

‘आकडे दडवले होते.’ उलट आहे. लंडनच्या आरोग्यशास्त्र संस्थेतल्या एकन, डेव्ही आणि सहकाऱ्यांनी फेरतपासणी केली ती मूळ लेखकांनीच दिलेल्या डेटा आणि कोडवरून (कोड म्हणजे त्या डेटावर गणितं करणाऱ्या संगणकीय सूचना). नुसती डेटाफाइल मिळाली असती तर पुढची चूक कुणाला दिसलीच नसती, कारण ती डेटात नव्हती, कोडमध्ये होती.

‘फेरतपासणीत खोटं ठरलं.’ इथे जरा थांबावं लागेल. एका शाळेत औषध दिलं की जंतांचा प्रसार घटतो आणि शेजारच्या शाळेलाही फायदा होतो, असा संशोधनाचा एक निष्कर्ष होता. तो काढायला प्रत्येक शाळेभोवती 3 किलोमीटरच्या आत आणि 3 ते 6 किलोमीटरच्या पट्ट्यात औषध मिळालेली किती मुलं आहेत हे मोजायचं होतं. कोडने मात्र प्रत्येक शाळेच्या जवळच्या फक्त 12 शाळा धरल्या. तीन किलोमीटरच्या आत सहसा तेवढ्या शाळा नसतातच, म्हणून तिथे फारसं बिघडलं नाही. बाहेरच्या पट्ट्यात मात्र तेराव्या शाळेपासून पुढचं सगळं गळालं. चूक दुरुस्त केल्यावर जवळचा फायदा टिकला, लांबच्या पट्ट्यातला टिकला नाही. तो डळमळीत आकडा बेरजेत धरला की एकूण परिणामही संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरत नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोग नाही असं खात्रीने म्हणता येत नाही. वगळला तर उतरतो. अ‍ॅनिमियाबद्दलचा निष्कर्षही ढिला पडला. पण औषध मिळालेल्या शाळांमध्ये जंत घटले आणि हजेरी वाढली, हे जवळपास जसंच्या तसं राहिलं. परीक्षेच्या गुणांत फरक पडला नाही, हे तर मूळ लेखातच लिहिलेलं होतं.

अशी चूक पकडणं अवघड नसतं. 75 शाळांच्या 2,775 जोड्या होतात. सगळी अंतरं काढावीत, मग प्रत्येक शाळेला किती शेजारी मिळाले याचा आलेख काढावा. शेजाऱ्यांची संख्या 12 वर येऊन भिंतीला टेकल्यासारखी थांबली, तर ती भिंत कोडने बांधली आहे, बुसियाच्या भूगोलाने नाही.

‘दुसऱ्या विश्लेषणातही परिणाम दिसला नाही.’ फेरतपासणी करणाऱ्या लंडनच्या त्याच गटाने त्याच डेटावर केलेलं हे दुसरं विश्लेषण म्हणजे तीच गणितं पुन्हा करून पाहणं नव्हे. त्यात पद्धतच बदलली: दोन वर्षांचा डेटा वेगवेगळा तपासला, म्हणजे प्रत्येक तपासणीत नमुना लहान झाला. शिवाय 1999 च्या सुरुवातीचे, दुसऱ्या गटाला औषध मिळण्याआधीचे दिवसही उपचाराच्या वर्षात धरले. या निवडींवर वाद घालता येतो, आणि तो झालाही. मात्र पद्धतीवरचा मतभेद आणि कोडमधली चूक यांना एकाच मापाने मोजू नये. टीका करायचीच तर गट पाडण्याच्या रीतीवर करा: शाळांची वर्णानुक्रमे यादी करून दर तिसरी शाळा एका गटात टाकली होती. आज कुणी संगणकाने चिठ्ठ्या काढेल आणि तीच सोडत पुन्हा काढून तपासता यावी म्हणून तिचा सुरुवातीचा आकडाही नोंदवून ठेवेल. पण ही गोष्टही लेखकांनी स्वतःच सांगितली आहे.

‘म्हणून गोळी निरुपयोगी.’ बुसियात सुरुवातीला 92 टक्के मुलांच्या पोटात कुठला ना कुठला जंत होता. तिथले आकडे उचलून आपल्या एखाद्या तालुक्याला चिकटवणं समर्थकांनाही शोभत नाही, विरोधकांनाही नाही. जागतिक आरोग्य संघटना जंतांचं प्रमाण 20 टक्के किंवा जास्त असेल तिथे वर्षातून एकदा, आणि 50 टक्क्यांच्या वर दोनदा औषध द्यायला सांगते. सरसकट वाटपाचा सरासरी फायदा फारसा दिसत नाही, असं 2015 च्या कॉक्रेन आढाव्याने (अनेक संशोधनांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या आढाव्याने) म्हटलं. तो आक्षेप गंभीर आहे आणि तो बुसियातल्या कोडवर अवलंबून नाही. वीस वर्षांनी त्याच मुलांची तासाची कमाई 13 टक्के जास्त आढळली, हा 2021 चा निष्कर्ष समर्थक पुढे करतात. तो त्याच 75 शाळांचा आहे, स्वतंत्र दुसरा पुरावा नव्हे.

‘न विचारता प्रयोग केले.’ 1998 मध्ये गावपातळीवर संमती घेतली होती. नको असेल त्याला नकार देता येत होता. तेव्हाच्या वैद्यकीय सूचनेप्रमाणे 13 वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलींना औषध देत नव्हते. 1999 पासून प्रत्येक पालकाची सही लागू झाली आणि ती शाळेत येऊन वहीत करायची होती. औषध घेणाऱ्यांचं प्रमाण घसरलं. जे पालक आले नाहीत त्यांचा नकार होता, की त्या दिवशी शेतातलं काम सोडून यायला जमलं नाही, हे त्या वहीवरून सांगता येत नाही.