तूच लिहून आण, मी सही करतो

दुपारपासून डोकं भणभणतंय. लिहून मोकळं झाल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय. लांबेल. वेळ असेल त्यांनीच वाचा.

आमच्या खालच्या मजल्यावरची पोरगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांच्या सगळ्या भावकीत परदेशी शिकायला निघालेली ही पहिलीच. अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांत एमएससाठी अर्ज करतेय आणि 15 डिसेंबरची डेडलाइन तोंडावर आलीय. आज लॅपटॉप घेऊन वर आली, "काकू, जरा इंग्रजी तपासून द्याल?" म्हणाली. उघडून बघते तर तिच्या एचओडींनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, तिच्याविषयी लिहिलेलं शिफारसपत्र! म्हटलं, हे तुझ्याकडे कसं? तर म्हणे, "सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो."

पुढचं ऐका. विद्यापीठ पत्राची लिंक शिक्षकाच्याच मेलवर पाठवतं. त्यावर सरांनी सांगितलं की माझ्या नावाने एक जीमेल काढ, पासवर्ड तुझ्याकडेच ठेव, लिंक आली की तूच भरून टाक, मला त्यात गुंतवू नकोस. हे सांगून झाल्यावर पोरगी खाली बघत मला विचारते, "काकू, हे खोटं नाही का हो?"

एकवीस वर्षांच्या मुलीला जे कळतं ते वीस-पंचवीस वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाला कळत नाही?

ज्यांनी कधी हे अर्ज भरले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अर्जात एक चौकोन असतो. अमेरिकेत 1974 चा एक कायदा आहे, त्याप्रमाणे विद्यार्थ्याला आपल्या फायलीतले कागद बघायचा हक्क आहे. तर त्या चौकोनात विचारतात, शिफारसपत्र वाचायचा हक्क तू सोडतेस का? बहुतेक जण हो म्हणतात, कारण विद्यार्थ्याने वाचलेल्या पत्राला कोण किंमत देणार. म्हणजे ही मुलगी "मी हे पत्र वाचणार नाही" यावर टिक करणार आणि ते पत्र तिनेच लिहिलेलं असणार. वाळवंटात पाणी शोधत निघाल्यासारखी पोरं या अर्जांच्या मागे लागतात, आणि पहिल्याच पावलाला आपण त्यांना खोटं बोलायला लावतो.

मला आज सारखे आमचे सर आठवतायत.

2004 ची गोष्ट. तेव्हा लिंक-बिंक नव्हतं. पत्रं कागदावर, पाकिटात घालून, चिकटवलेल्या कडेवर सही आणि विभागाचा शिक्का. पाकीट फुटलं की पत्र बाद. मी सरांकडे गेले आणि सीनियर्सकडून मिळालेला तयार मजकूर पुढे ठेवला, कारण मलाही तसंच करतात असं सांगितलं होतं. सरांनी कागद हातात घेतला, न वाचताच घडी घातली आणि म्हणाले, "बस. तुझं एक काम सांग, जे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

मला काही सुचेना. मार्क सांगितले. म्हणाले, ते मार्कशीटवर आहेत. गॅदरिंगचं सांगितलं. नुसती मान हलवली. मग त्यांनीच विचारलं, "सेकंड इयरला तू शनिवारी लॅबला का आली होतीस?"

व्हेंच्युरीमीटरचं, म्हणजे नळीतून वाहणारं पाणी मोजायच्या यंत्राचं, प्रॅक्टिकल होतं. त्याचा सीडी, म्हणजे प्रत्यक्ष प्रवाह भागिले हिशेबाने येणारा प्रवाह, एकापेक्षा जास्त येऊच शकत नाही. साधारण 0.95 ते 0.98 येतो. माझा 1.08 आला. बाकीच्या बॅचने काय केलं हे इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही सांगायला नको. मागच्या वर्षीचं जर्नल उघडलं, रीडिंग उतरवली, सही घेतली, चहाला गेले. माझ्याच्याने ते होईना. शनिवारी लॅब अटेंडंट मामांकडून किल्ली घेतली आणि दोन तास त्या नळ्यांशी झटले. शेवटी दिसलं, दाब मोजायच्या मॅनोमीटरच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला. तो काढला आणि 0.96 आलं.

सर दारात उभं राहून बघत होते, हे मला दोन वर्षांनी त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

मग त्यांनी विभागातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करत पत्र लिहिलं. दीड तास लागला. मी बाहेर बाकावर. चार पाकिटं चिकटवून हातात दिली. मी बोलून गेले, "सर, काय लिहिलंय?" म्हणाले, "ते तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी आहे."

आजच्या पोरीचं पत्र मी पुन्हा उघडलं. हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल, टीम प्लेअर. दुसऱ्या सरांचं पत्र तेच, फक्त परिच्छेद वरखाली. तिसरं चॅटजीपीटीकडून. तिन्हींत मिळून त्या मुलीबद्दलचं एकही खरं वाक्य नाही! रोलनंबर बदलला तर वर्गातल्या कुणालाही लागू पडतील. आणि हा नमुना दिला कुणी, तर शहरातल्या एका कन्सल्टन्सीने. अर्जाचं निवेदन, म्हणजे मी कोण आणि मला हे का शिकायचंय ते, आणि तीन पत्रं असं त्यांचं पॅकेज आहे. निवेदनाची सुरुवात सगळ्यांची एकच, लहानपणापासून मला यंत्रांची ओढ होती. या पोरीच्या बापाचे हात रोज ग्रीसने माखलेले असतात, शाळेत असताना ती डबा द्यायला डेपोत जायची आणि बसच्या खाली वाकून बघत बसायची. ते एका ओळीतही नाही. का? तर "एसटी वगैरे नको, इंप्रेशन डाउन होतं," असं तिथल्या मॅडमनी सांगितलं.

इथे मी खरंच ओरडले. तिची आई घाबरून वर आली.

एका अर्जाची फी 75 ते 100 डॉलर, असे पाच. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे सतरा-अठरा हजार वेगळे. प्रवेश मिळाला तर सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थी म्हणून तिकडच्या सरकारी नोंदणीचे, 350 डॉलर, व्हिसाच्या अर्जाचे 185 डॉलर, आणि ते भरून वकिलातीच्या खिडकीपुढे दोन-तीन मिनिटांत हो किंवा नाही. कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक बहुतेकदा तारण मागते. यांचं तारण म्हणजे राहता फ्लॅट. आईने पाटल्या आधीच मोडल्यात, कुणाला न सांगता. मला माहीत आहे कारण सोनाराकडे मीच बरोबर गेले होते. एवढं सगळं पणाला लावलेल्या घराला शिक्षकाकडून काय हवंय? एक पान.

हो, शिक्षकांचे हाल आहेत. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली, अ‍ॅडमिशनची ड्यूटी, पेपर तपासणी, आणि निम्मा स्टाफ कंत्राटी, त्यांचेही पगार तीन-तीन महिने थकलेले. साठ पोरं पत्र मागायला येतात हेही मान्य. पण मग सरळ सांगा ना, मी तुला नीट ओळखत नाही, दुसऱ्याकडे जा. त्यात कमीपणा काय आहे?

आणि तिकडची विद्यापीठंही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत, तेही कबूल. 2023-24 मध्ये अमेरिकेत शिकणारे भारतीय 3 लाख 31 हजारांवर गेले, चीनला मागे टाकून पहिला नंबर आला, आणि आपल्या पोरांच्या फीवर तिकडे कितीतरी विभाग तगून आहेत. एकेका पत्राकडे ते किती लक्ष देत असतील देव जाणे. ठीक आहे. त्यांनी वाचलं नाही तर तो त्यांचा दोष. आपण लिहिलंच नाही तर?

दर 14 एप्रिलला प्रत्येक कॉलेजात बाबासाहेबांच्या फोटोला हार पडतो. चर्नी रोडच्या बागेत एकटंच वाचत बसणारं पोर केळुसकर गुरुजींच्या नजरेला पडलं. ते त्याचे वर्गशिक्षक नव्हते, दुसऱ्याच शाळेतले होते. तरी चौकशी केली, ओळख ठेवली, 1907 ला मुलगा मॅट्रिक झाला आणि पुढे पैशांपायी शिक्षण अडतंय म्हटल्यावर त्याला घेऊन सयाजीराव महाराजांसमोर गेले. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्याच बडोद्याच्या मदतीवर 1913 ला बाबासाहेब अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. आणि तिथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला निघाले तेव्हा कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी तिथल्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिलं. एकाने मुलाला बागेत वाचताना पाहिलं होतं, दुसऱ्याने वर्गात. पाहिलं होतं म्हणून शब्द टाकता आला. यांच्यापैकी कुणी म्हणालं असतं का, भीमराव, तूच लिहून आण?

सॉरी, चढला आवाज. पाणी पिऊन आले.

आमच्या सरांनी पत्रात काय लिहिलं ते मला ओहायोत पोचल्यावर कळलं. पहिल्या आठवड्यात माझ्या होणाऱ्या गाइडना भेटायला गेले. हात-पाय गार पडलेले, कारण इंग्रजी बोलायची सवय नाही. ते फाइल मिटून हसले आणि म्हणाले, "तो बुडबुडा शोधणारी तूच ना?" एवढंच. सात समुद्र ओलांडून गेलेल्या मला तिथे कुणीतरी ओळखत होतं. पुढचे दोन महिने मेसच्या बेचव जेवणावर आणि घरच्या आठवणीवर मी त्या एका वाक्याच्या जोरावर काढले.

सर तीन वर्षांपूर्वी गेले. हे त्यांना कधी सांगितलंच नाही. परत आल्यावर भेटायला गेले होते, पेढे दिले, नमस्कार केला, आणि हेच राहून गेलं.

तर आज संध्याकाळी पोरीला समोर बसवलं आणि विचारलं, तुझं एक काम सांग, जे कुणीतरी आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. तीही आधी मार्कच सांगायला लागली. मग हळूहळू निघालं. गेल्या मार्चमध्ये मिनी प्रोजेक्टसाठी ही तासगावकडच्या एका शेतावर हळद शिजवायचा कुकर बघायला जायची. पहाटे चारला, कारण घाणे, म्हणजे हळद शिजवायच्या खेपा, तेव्हा सुरू होतात. प्रत्येक घाण्याला किती लाकूड जळतं ते ताणकाट्यावर तोलून वहीत लिहायची. पहिल्या घाण्याला किती, पाचव्याला किती, वाफ कुठून वाया जाते, सगळं पेन्सिलने. वहीला अजून हळदीचा वास येतो. मी घेऊन पाहिला.

विचारलं, हे पाहिलं कुणी? म्हणाली, प्रोजेक्ट गाइड मॅडमनी. त्या एकदा स्वतः स्कूटीवर आल्या होत्या पहाटे. मग त्यांचं पत्र का नाही? तर मॅडम कंत्राटी आहेत, कन्सल्टन्सी म्हणते त्यांच्या पत्राला वजन नाही, एचओडीच लागतात.

अगं, धुरात तुझ्याबरोबर उभी राहिलेली बाई तुझ्याविषयी लिहिणार नाही तर कोण लिहिणार! तिला कॉलेजचा मेल आहे, तिला तुझी वही माहीत आहे. ते एचओडीच्या नावाचं जीमेल आधी डिलीट कर म्हटलं. माझ्यासमोर केलं.

आता सव्वाअकरा वाजलेत. हे टाइप करत असतानाच तिचा मेसेज आला. मॅडम म्हणाल्या, उद्या दुपारी दोनला ये, वही घेऊन ये, आणि घाईत येऊ नकोस, वेळ लागेल.

एक झालं. दोन पत्रं अजून बाकी आहेत.