माझे अठ्ठ्याहत्तर

परवा कागदपत्रं तपासायच्या रांगेत एका अनोळखी माणसाने माझी इंजिनियरिंगची पदवी काढून घेतली. लेकीसमोर.

लेकीला इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, ९२.४१ पर्सेंटाईल. हे टक्के नव्हेत, हे मी महिनाभर नातेवाइकांना समजावतोय. तिच्या सत्रातल्या ९२.४१ टक्के मुलांचा स्कोअर तिच्याइतका किंवा कमी, एवढाच त्याचा अर्थ. ऐकायला गोड आहे. पण चार लाख मुलं बसली असतील, तर तीसेक हजार तिच्या पुढे आहेत आणि त्या प्रत्येकाला कॉम्प्युटरच हवंय.

रांगेत आमच्या पुढे एक काका होते. रेक्झिनच्या पिशवीत गेल्या तीन वर्षांचे कटऑफ, फेरीनिहाय, स्पायरल बाइंडिंग केलेले.

"किती?" त्यांनी विचारलं. नाव नाही, गाव नाही.

मी आकडा सांगितला. काकांनी डोळे मिटले. नाडी बघताना वैद्य मिटतात तसे.

"गोपेन्स सोडा. लोपेन्स बघा."

मला ही पोट साफ होण्याची औषधं वाटली. लेक म्हणाली, "बाबा, कोड आहेत ते. एल म्हणजे मुलींच्या ३० टक्क्यांतली जागा." काकांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि लगेच उलटतपासणी घेतली. "किती प्रश्न सोडलेस?"

"चार."

"निगेटिव्ह मार्किंग नसताना? गणिताचे?"

"हो."

"म्हणजे आठ मार्क!" काका इतक्या जोरात म्हणाले की खिडकीतल्या बाईंनी शिक्का हवेतच थांबवला. आता खरं सांगायचं तर गेले दोन महिने घरात हेच वाक्य मी याच पट्टीत म्हणतोय. पण ते माझं वाक्य होतं.

"तुमचा मुलगा कोणत्या फेरीत?" मी विषय बदलला.

"तो गेल्या वर्षीच इंजिनियर होऊन बाहेर पडला."

"मग आपण इथे?"

"अभ्यास सुटू नये म्हणून."

मी हसलो. तिथेच चुकलो. काका माझ्याकडे वळले. "साहेब, तुमचं साल?"

"चौऱ्याण्णव. तेव्हा बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या मार्कांवर प्रवेश होता. तीनशेपैकी २४१," मी जरा छाती काढूनच सांगितलं.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "आजच्या भावाने अठ्ठ्याहत्तर पर्सेंटाईल. मेकॅनिकल. तेही शेवटच्या फेरीत."

लेक इतकी हसली की तिच्या हातातलं डोमिसाईल खाली पडलं.

खरी चीड काकांची नाही. ते निदान फुकट सांगतात. बाहेर कटऑफच्या याच पीडीएफ वाचून दाखवायचे समुपदेशक हजारो रुपये घेतात. यादी सरकारची, वाचणारे ते आणि घाबरणारे आपण. आणि कटऑफ म्हणजे गेल्या वर्षी त्या जागेवर सगळ्यात शेवटी कोण बसलं त्याचा आकडा. यंदा कोण बसेल ते त्यात कुठून दिसणार? त्यात २०२५ पासून नवीन मेख. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच पक्की; दुसरीत पहिल्या तिनांतलं, तिसरीत पहिल्या सहांतलं. म्हणजे सतरा वर्षांच्या पोरीने 'उगाच टाकून बघू' म्हणून वर टाकलेलं कॉलेज मिळालं, तर पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. तीनशे पर्याय भरता येतात. आम्ही लग्न ठरवतानाही इतकी स्थळं पाहिली नव्हती.

फॉर्म शेवटी लेकीनेच भरला. मी मागे उभा राहून "मेकॅनिकल वाईट नसतं गं" एवढंच म्हणालो. तिने वळूनही न बघता विचारलं, "कोणाला?"

निघताना काकांनी माझा नंबर घेतला होता. आज सकाळी त्यांचा मेसेज आला: 'साहेब, डिप्लोमाच्या अर्जाची मुदत वाढली आहे. तुमच्यासाठी नाही, सहज कळवलं.'