घटस्फोट झाला म्हणून ग्रीन कार्ड जात नाही, नागरिकत्वाचा हक्कही जात नाही

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच असतात. ‘ग्रीन कार्ड नवऱ्यामुळे मिळालं असेल तर घटस्फोटाबरोबर ते रद्द होतं. नवरा केव्हाही स्पॉन्सरशिप काढून घेऊ शकतो. सिटिझनशिपची पाच वर्षं घटस्फोटाच्या तारखेपासून नव्यानं मोजतात. म्हणून शपथ होईपर्यंत कसंही करून निभावून न्या, आणि वेगळे राहत असाल तर मुलाखतीत त्याबद्दल बोलू नका.’ खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘सर्व भगिनींपर्यंत पोहोचवा’.

हे वाचून एखादी बाई नको त्या घरात आणखी चार वर्षं काढू शकते, म्हणून मुद्देसूद उत्तर देतो. नियम नवऱ्यांनाही हेच लागू आहेत. मेसेज बायकांना उद्देशून आहे, म्हणून मीही ‘ती’ म्हणतोय.

‘नवऱ्यामुळे मिळालेलं कार्ड रद्द होतं.’

नवऱ्यामुळे म्हणजे नेमकं कसं, हे मेसेज लिहिणाऱ्यानं विचारलेलंच नाही. सगळा घोळ तिथेच आहे. आपल्या ओळखीतल्या बहुतेक घरांची गोष्ट अशी असते: नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको त्याला जोडलेल्या एच-४वर, नवऱ्याच्या कंपनीनं अर्ज केला, भारतीयांच्या त्या न संपणाऱ्या रांगेत वर्षानुवर्षं गेली आणि शेवटी दोघांनाही कार्डं मिळाली. यात तिचा अर्ज नवऱ्याच्या अर्जाला जोडलेला असतो हे खरं. पण तो जोड फक्त मंजुरीच्या दिवसापर्यंतचा. त्या दिवशी लग्न कायम असलं पाहिजे, एवढीच अट. मंजुरीच्या आधी घटस्फोट झाला तर तिचा हक्क जातो. रांगेत घालवलेली वर्षंही तिच्या कामी येत नाहीत. तेवढ्यापुरती मेसेजमधली भीती खरी आहे, आणि रांगेत असलेल्या जोडप्यांना ती नीट सांगायलाच हवी. कार्ड मंजूर झाल्यावर मात्र ते तिचं स्वतःचं. पुढे घटस्फोट झाला, नवऱ्याची नोकरी गेली, तो कायमचा भारतात परतला, तरी तिच्या कार्डाला काही होत नाही.

दुसरा प्रकार वेगळा आहे: अमेरिकन नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी लग्न झालं आणि त्याच नात्यावर कार्ड मिळालं. कार्ड मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ते दोन वर्षांचं, सशर्त कार्ड असतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोनं मिळून आय-७५१ हा अर्ज करायचा असतो. लग्न मोडलं तर सहीला नवरा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे आणि कायद्यानं त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. लग्न खऱ्या हेतूनं केलं होतं पण टिकलं नाही, किंवा नवऱ्यानं छळ केला, किंवा देशाबाहेर काढलं तर अतोनात हाल होतील, यांपैकी कोणत्याही कारणावर ती एकटी अर्ज करू शकते. असा एकटीचा अर्ज त्या ९० दिवसांच्या खिडकीत बसवावा लागत नाही, आधीही करता येतो. पुरावा लागतो तो संसाराचा: दोघांच्या नावचा भाडेकरार, जोडखातं, एकत्र भरलेले टॅक्स, विमा, मुलाचा जन्मदाखला. आधी दोघांनी मिळून अर्ज केला आणि मग घटस्फोट झाला, तर तोच अर्ज एकटीचा म्हणून चालवावा असं कळवता येतं. काहीच न करता मुदत जाऊ देणं मात्र महागात पडतं, कारण मग खरंच दर्जा संपतो. तिथे दोष घटस्फोटाचा नसतो, न केलेल्या अर्जाचा असतो.

यातली आपल्याकडची खास अडचण कागदाची. घटस्फोटाच्या कारणावर एकटीनं अर्ज करण्याची सूट हवी तर घटस्फोट अंतिम झालेला लागतो. ‘केस चालू आहे’ पुरत नाही. आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी म्हणजे हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोट नव्हे. जातीत फारकतीची रूढी असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. फॅमिली कोर्टाचा हुकूमनामाच हवा. परस्परसंमतीनं, म्हणजे कलम १३-ब खाली, गेलात तर दोन अर्जांमधला सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात माफ करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. वकिलाला त्याबद्दल जरूर विचारा.

‘नवरा स्पॉन्सरशिप काढून घेतो.’

कार्ड मिळाल्यावर काढून घेण्यासारखं काही उरतच नाही. कुटुंबाच्या नात्यावरच्या अर्जात नवरा आय-८६४ नावाचं हमीपत्र देतो. ते सरकारशी केलेलं असतं आणि घटस्फोटानं संपत नाही. ते संपतं ती नागरिक झाली, तिच्या खात्यावर सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी पेन्शन योजनेच्या) ४० तिमाह्यांचं, म्हणजे साधारण दहा वर्षांचं, काम जमा झालं, ती निवासी दर्जा सोडून देशाबाहेर गेली, किंवा दोघांपैकी कुणी वारलं तर. म्हणजे नवऱ्याला या जबाबदारीतून लवकर मोकळं व्हायचं असेल तर तिच्या नागरिकत्वासाठी त्यानंच देव पाण्यात ठेवावेत.

‘पाच वर्षं घटस्फोटापासून मोजतात.’

नाही. कार्डावर ‘रेसिडेंट सिन्स’ अशी तारीख छापलेली असते. तिथून पाच वर्षं. सशर्त कार्डाची दोन वर्षंही त्यातच धरतात. पाच वर्षं पुरी होण्याआधी ९० दिवसांपर्यंत एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज देता येतो. इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टच्या कलम ३१६ मध्ये लग्नाची अट कुठेही नाही.

गोंधळ होतो तो कलम ३१९ मुळे. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्यांना पाचऐवजी तीन वर्षांत अर्ज करता येतो. पण मग नवरा ती तिन्ही वर्षं नागरिक असला पाहिजे, दोघं तेवढा काळ एकत्र राहत असले पाहिजेत, आणि शपथविधीआधी घटस्फोट झाला तर ही सवलत बंद. तीन वर्षांवर अर्ज भरला आणि मध्येच घटस्फोट झाला, तर अर्जाच्या वेळी पाच वर्षांची पात्रता नसल्यास तो अर्ज नामंजूर होतो आणि फी बुडते. पाच वर्षं भरली की नवा अर्ज करायचा. नुकसान वेळेचं आणि पैशाचं. अमेरिकन नागरिक नवऱ्याच्या छळाच्या आधारावर कार्ड मिळालेल्या किंवा त्याच कारणावर सशर्त कार्डावरची अट काढून घेतलेल्या बाईला तर तीन वर्षांची सवलत घटस्फोटानंतरही मिळते. ही गोष्ट मेसेजमध्ये नाही. जिला तिची सर्वांत जास्त गरज, तिलाच उलटं सांगितलं जातंय.

आता एच-१बीवाल्या घरांकडे पाहा. दोघांना कार्डं बहुधा एकाच सुमारास मिळतात. नवरा नागरिक होईपर्यंत तिचीही पाच वर्षं होत आलेली असतात, आणि तो नागरिक झाल्यावर तिला आणखी तीन वर्षं थांबायचं कारणच नसतं. तिला तीन वर्षांच्या नियमाचा काडीचा उपयोग नाही. मग ‘निभावून न्या’ हा सल्ला कशासाठी?

मेसेजमध्ये नसलेला खरा धोका आहे तिकिटांचा. घटस्फोटाच्या काळात बाई माहेरी जाते. पुण्याच्या फॅमिली कोर्टातल्या तारखा, समुपदेशन, आईवडिलांचा आग्रह, मुलाला तिथल्याच शाळेत घालण्याचा विचार. महिने कधी जातात कळत नाही. नागरिकत्वासाठी पाच वर्षांतले निम्मे दिवस, म्हणजे किमान ३० महिने, अमेरिकेत काढलेले लागतात. त्याखेरीज सलग वास्तव्य लागतं. एका फेरीत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर ते तुटलं असं गृहीत धरतात, आणि नोकरी सोडली नव्हती, घर चालू होतं, जवळची माणसं इथेच होती, असा पुरावा तुम्हाला द्यावा लागतो. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर ते तुटतंच. री-एन्ट्री परमिट, म्हणजे बराच काळ बाहेर राहून परत येण्याचा परवाना, घेतलं म्हणून निर्धास्त राहणारे बरेच भेटतात. ते परमिट ग्रीन कार्ड टिकवायला मदत करतं, नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य नाही. तेव्हा तारखांसाठी भारतात जायचंच असेल तर लहान फेऱ्या करा आणि इथला भाडेकरार सोडू नका. घटस्फोटानंतर दुसऱ्या राज्यात बस्तान हलवलं असेल, तर अर्ज करण्याआधी तिथे तीन महिने राहिलेलं असावं लागतं, हेही ध्यानात ठेवा.

‘मुलाखतीत बोलू नका.’

मेसेजमधलं सर्वांत वाईट वाक्य हेच. मुलाखत शपथेवर होते. अर्जात आजवर किती लग्नं झाली आणि सध्याची वैवाहिक स्थिती काय, हे विचारलेलं असतं. शपथविधीच्या दिवशी आणखी एक कागद भरायचा असतो, एन-४४५; त्यात मुलाखतीनंतर लग्न, विभक्ती, घटस्फोट असं काही झालं का, हाच प्रश्न असतो. नागरिकत्वाचा लाभ मिळवण्यासाठी शपथेवर खोटं बोललात, तर ती गोष्ट क्षुल्लक असली तरी नागरिकत्वासाठीची ‘सद्वर्तना’ची अट मोडते. पुढे उघडकीला आलं तर मिळालेलं नागरिकत्वही काढून घेण्याचा दावा होऊ शकतो आणि त्याला कालमर्यादा नाही. पाच वर्षांच्या अर्जात घटस्फोटानं पात्रतेत काही फरक पडत नाही, म्हणजे लपवून मिळवायचंही काही नाही.

अधिकारी काही विचारणारच नाही, असं मात्र समजू नका. कार्ड लग्नावर मिळालं असेल तर जुनी फाइल उघडून लग्न खरं होतं का, हे तो पुन्हा तपासू शकतो. संसाराचे जुने कागद आणि घटस्फोटाचा हुकूमनामा बरोबर असू द्या. मुलांची पोटगी ठरली असेल तर ती जाणूनबुजून थकवणं सद्वर्तनाच्या आड येतं. हे जास्त करून बाप मंडळींनी वाचावं. आणि टॅक्स: वेगळे राहता म्हणून ‘सिंगल’ लिहून मोकळे होऊ नका. ३१ डिसेंबरपर्यंत अंतिम निकाल किंवा विभक्तीचा कायदेशीर आदेश नसेल तर कायद्याच्या लेखी तुम्ही साधारणपणे विवाहितच.

माहेरचं नाव परत लावायचं असेल तर हुकूमनाम्यात तसं नमूद करून घ्या. ते राहून गेलं तर नाव बदलण्याची विनंती एन-४०० मध्येही करता येते.

घटस्फोटानं खरंच काही रद्द होतं ते भारताच्या बाजूला, आणि मला वाटतं अफवेचं मूळ कदाचित तिथे असावं. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात येण्याराहण्याची कायमची मुभा देणारं) कार्ड कुणी भारतीय नागरिकाचा किंवा ओसीआयधारकाचा जोडीदार म्हणून घेतलं असेल, तर भारताच्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-ड प्रमाणे घटस्फोटानंतर ते रद्द होऊ शकतं. हा नियम मराठी घरातल्या अमेरिकन सुनेला किंवा जावयाला लागू पडतो. भारतात जन्मलेली, अमेरिकन नागरिक होऊन भारतीय पासपोर्ट परत केलेली बाई ओसीआय घेते ती स्वतःच्या भारतीय मूळावर. तिच्या कार्डाचा नवऱ्याशी संबंध नाही.