रविवारही रजेतच!

आमच्या खानदेशातली कानबाई देवी बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, विसर्जन सोमवारी. म्हणून गावी जायला शनिवार अन् सोमवार, दोनच रजा टाकल्या. एचआरनं कापल्या तीन! मधला रविवार धरला म्हणे. काय भो, साप्ताहिक सुट्टी ती, त्या दिवशी गेट तरी उघडतं का? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही हीच रड. 1948च्या कारखाने कायद्यात, कलम 79 मध्ये, सरळ लिहिलं होतं की भरपगारी रजेत मधल्याच काय, मागच्या-पुढच्या सुट्ट्याही मोजायच्या नाहीत. सरकारी बाबूंच्या किरकोळ रजेतसुद्धा मधला रविवार धरत नाहीत. आमचे साहेब मात्र ‘कंपनीची पॉलिसी’ म्हणून कागद नाचवतात. कागदावर सही कोणाची, तर त्यांचीच. अन् नेमक्या रविवारी ओव्हरटाइमला बोलावताना ही पॉलिसी कुठल्या कपाटात असते?