वृक्ष कोसळला म्हणून माणसे जाळली जात नाहीत

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याची वही गेल्या आठवड्यात सहज चाळत असताना एका ओळीपाशी मी थांबले. ‘१९८४ : नेत्याच्या आकस्मिक मृत्यूवर जनतेची उत्स्फूर्त प्रतिक्रिया’ असे त्याने स्वच्छ अक्षरात लिहिले होते आणि त्याखाली लाल शाईने दोनदा रेघ ओढली होती. हे कुठे वाचलेस, असे विचारल्यावर त्याने फोन पुढे केला. ‘पंतप्रधान अचानक बदलतो तेव्हा भारतीय जनता कशी वागते : इतिहासाने सिद्ध केलेली पाच सत्ये’ या मथळ्याचा तो संदेश होता. आमच्या नात्यातल्या दोन गटांवर तो आधीच येऊन गेला होता आणि मी तो न वाचताच पुढे सरकले होते, याची मला आता चुटपुट लागली आहे.

संदेशातील पाच दावे थोडक्यात असे. पंतप्रधान मध्येच गेला, तर त्याच्या जागी येणारा माणूस जनतेने निवडलेला नसतो, म्हणून सहा महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक घेणे बंधनकारक असते. १९६४ आणि १९६६ मध्ये देश जवळपास दोन आठवडे पंतप्रधानाविना होता. शास्त्रीजींच्या मृत्यूनंतर बातमी दाबली गेली, म्हणून जनता गप्प राहिली. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर शिखांविरुद्ध जे झाले ते शोकाकुल जनतेचे स्वाभाविक वागणे होते. आणि नव्या नेत्याला जनता नेहमीच सहानुभूतीची मते देते, १९८४ च्या निकालाने तर त्या वागण्यावर जनतेची मोहोरच उमटवली.

क्रमाने उत्तरे द्यायला हवीत, परंतु चौथा दावा बाजूला ठेवून आधी इतर चार निपटत बसणे मला शक्य नाही. एक पिढी हे परीक्षेच्या उत्तरात लिहिण्याच्या बेतात आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

हा दावा नवा नाही. हत्येनंतर तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, १९ नोव्हेंबर १९८४ रोजी, दिल्लीतील बोट क्लबवरच्या सभेत राजीव गांधी यांनी मोठा वृक्ष कोसळला की जमीन थोडी हादरतेच, अशा आशयाचे विधान केले होते. नव्या पंतप्रधानाच्या तोंडून आलेल्या त्या उपमेने एका कत्तलीला निसर्गनियमाचे रूप दिले. संदेश लिहिणाऱ्याने तीच उपमा उचलली आहे आणि ती कोणाची, कोणत्या वेळची, हे मात्र गाळले आहे.

आता घटनाक्रम पाहू. ३१ ऑक्टोबरच्या सकाळी नऊच्या सुमारास इंदिरा गांधींवर त्यांच्याच अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. दुपारनंतर रुग्णालयाच्या परिसरात शीख वाटसरूंना मारहाण सुरू झाली आणि परदेश दौरा अर्धवट टाकून परतलेले राष्ट्रपती झैलसिंग यांच्या गाड्यांवरही दगड आले. या पहिल्या काही तासांत संतापाचा भाग होता, हे मी मान्य करते, कारण चौकशी करणाऱ्या आयोगांनीही ते मान्य केले आहे. संदेशातील अर्धसत्य एवढेच आहे आणि ते त्या संध्याकाळबरोबर संपते.

न्यायमूर्ती नानावटी आयोगाचा अहवाल २००५ मध्ये संसदेत मांडला गेला. हा अहवाल ३१ ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंतचे हल्ले आणि १ नोव्हेंबरच्या सकाळपासूनचे हल्ले यांत स्पष्ट फरक करतो. सकाळपासूनच्या हल्ल्यांत पद्धतशीरपणा होता, हल्लेखोरांना पोलिसांचा धाक वाटत नव्हता, आणि वजनदार व साधनसंपन्न माणसांचे पाठबळ नसते तर इतक्या झपाट्याने इतकी माणसे मारली गेली नसती, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. दुःखाने बेभान झालेला माणूस हाताला लागेल ते उचलतो हे खरे. परंतु दुःख रात्रभर झोपून सकाळी टोळीने, रॉकेल घेऊन, शिखांचीच नेमकी घरे गाठत येत नाही.

नकाशाही हेच सांगतो. इंदिराजींचे पार्थिव तीन मूर्ती भवनात ठेवले होते आणि शोक करणारी गर्दी तिथे होती. सर्वाधिक माणसे मेली ती मात्र यमुनेपलीकडच्या त्रिलोकपुरीत, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सुलतानपुरी आणि मंगोलपुरीत, पालमच्या बाजूच्या वस्त्यांत. ज्यांना पार्थिवाचे दर्शन घ्यायचे होते ते एकीकडे रांगेत उभे होते आणि ज्यांना माणसे जाळायची होती ते कित्येक किलोमीटर दूर, गरीब शीख कुटुंबांच्या पुनर्वसन वसाहतींत शिरत होते. या दोन जमावांना ‘जनता’ या एकाच शब्दात बसवणे हा रांगेत उभ्या राहिलेल्यांवरही अन्याय आहे. शीख शेजाऱ्यांना माळ्यावर, कोठीच्या खोलीत लपवून स्वतःचा जीव धोक्यात घालणारे हिंदू आणि मुसलमान दिल्लीकरही त्याच जनतेतले होते. त्यांचा संदेशात उल्लेखसुद्धा नाही.

आणि आता ज्या एका कागदाने हा दावा माझ्या मते कायमचा निकालात निघतो, त्याकडे येते. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी माजी खासदार सज्जनकुमार यांना राजनगर, पालम कॉलनीतील एका शीख कुटुंबातील पाच पुरुषांच्या हत्येच्या खटल्यात दोषी ठरवून उर्वरित आयुष्यभर कारावासाची शिक्षा दिली. २०१३ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले होते. तो निर्णय उच्च न्यायालयाने फिरवला. या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील दाखल झाले, हेही सांगायला हवे. निकालपत्र दोनशेहून अधिक पानांचे आहे आणि कायद्याची फारशी ओळख नसलेल्यालाही समजेल अशा भाषेत लिहिलेले आहे. १ ते ४ नोव्हेंबर या चार दिवसांत एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले, हा सरकारी आकडा त्यात आहे. न्यायालयाने या हत्यांना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटले आणि त्या राजकीय व्यक्तींनी कायद्याच्या रक्षकांच्या साहाय्याने घडवून आणल्या, असे नोंदवले.

त्याच निकालपत्रातील एक तपशील मी भाच्याला मोठ्याने वाचायला लावला. दिल्ली छावणी भागात ३४१ माणसे मारली गेली आणि त्यासंबंधी पोलिसांनी नोंदवलेल्या प्रथम माहिती अहवालांची संख्या होती २१. त्या २१ पैकी मृत्यूंविषयीचे होते फक्त १५. पोलीस ठाण्याच्या नोंदवहीच्या बाजूने ते दिवस पाहिले, तर त्या भागात जवळजवळ काहीच घडले नाही असे वाटेल. डोळ्यांसमोर घरची माणसे गमावलेल्या एका बाईला या कोऱ्या नोंदींविरुद्ध उभे राहून ३४ वर्षे तीच साक्ष पुन:पुन्हा द्यावी लागली. उत्स्फूर्त प्रतिक्रिया म्हणवणाऱ्याने आधी हे सांगावे की जनतेला दुःख झाले म्हणून पोलिसांच्या लेखण्या का थांबल्या.

एक साधा प्रश्न आणखी उरतो. बातमी त्याच दिवशी साऱ्या देशाला कळली आणि इंदिराजी दिल्लीएवढ्याच इतर शहरांच्याही पंतप्रधान होत्या. तरीही कत्तल दिल्ली, कानपूर, बोकारो अशा ठराविक ठिकाणी एकवटली आणि इतरत्र प्रशासनाने मनावर घेतले तिथे ती झाली नाही किंवा तुरळक घटनांवर निभावली. दिल्लीतही लष्कर खऱ्या अर्थाने रस्त्यावर उतरल्यावर ती ओसरली. स्वाभाविक भावना जिल्हाधिकाऱ्याची आणि पोलीस अधीक्षकाची हद्द पाहून उसळत नाही. याआधी पदावर असताना दोन पंतप्रधान गेले होते. २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले आणि त्यांच्या अंत्ययात्रेला दिल्लीत लाखोंचा समुदाय लोटला. ११ जानेवारी १९६६ रोजी युद्ध नुकतेच संपलेले असताना शास्त्रीजी परक्या भूमीवर गेले. दोन्ही वेळी लोक रडले, चुली पेटल्या नाहीत, बाजार बंद राहिले, आणि कोणाचे घर जळाले नाही. भारतीय जनतेची प्रतिक्रियाच मोजायची असेल, तर ही दोन वर्षेही मोजली पाहिजेत.

उरलेल्या दाव्यांना फार वेळ देण्याची गरज नाही.

सहा महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक घ्यावी लागते, असे राज्यघटनेत कुठेही नाही. अनुच्छेद ७५ नुसार राष्ट्रपती पंतप्रधानाची नियुक्ती करतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. म्हणजे लोकसभेचा विश्वास असेपर्यंत नवा पंतप्रधान पूर्णपणे वैध असतो. सहा महिन्यांची मुदत त्याच अनुच्छेदात आहे, पण ती संसदेचा सदस्य नसलेल्या मंत्र्याने सदस्य होण्यासाठी आहे. संदेशकर्त्याने ती वाचली असावी आणि निवडणुकीला चिकटवली असावी. शास्त्रीजी आले तेव्हा निवडणूक झाली नाही; इंदिराजी जानेवारी १९६६ मध्ये राज्यसभेच्या सदस्य असताना पंतप्रधान झाल्या आणि निवडणूक वर्षभराने, ठरल्या वेळी झाली; १९९७ मध्ये देवेगौडा जाऊन गुजराल आले तेव्हाही तीच लोकसभा कायम राहिली. नरसिंह राव तर जून १९९१ मध्ये शपथ घेताना कोणत्याच सभागृहात नव्हते आणि नंतर नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले.

देश पंतप्रधानाविना राहिल्याचा दावा गुलझारीलाल नंदा यांचे नाव माहीत असलेल्या कोणत्याही शाळकरी मुलाने खोडून काढावा. २७ मे ते ९ जून १९६४ आणि ११ ते २४ जानेवारी १९६६ असे दोन्ही वेळा त्यांनी रीतसर शपथ घेऊन पद सांभाळले. १९८४ मध्ये तर पोकळी काही तासांचीच होती, कारण राजीव गांधींचा शपथविधी त्याच संध्याकाळी झाला. पंतप्रधानाखेरीज मंत्रिमंडळ असूच शकत नाही आणि मंत्रिमंडळाखेरीज राष्ट्रपतींना कारभार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये यू. एन. आर. राव यांच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे.

शास्त्रीजींविषयीच्या दाव्यातील एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. त्यांच्या पार्थिवाचे शवविच्छेदन झाले नाही, कुटुंबीयांनी पुढे उघडपणे शंका व्यक्त केल्या, आणि ते त्याच वेळी केले असते तर साठ वर्षे चाललेल्या चर्चेला आधारच उरला नसता. सरकारची ती चूकच होती. परंतु बातमी दाबली म्हणून जनता गप्प राहिली, हे त्यावरून निघत नाही. बातमी त्याच दिवशी देशभर पोहोचली, पार्थिव त्याच दिवशी दिल्लीत आले, ताश्कंदमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्याबरोबर पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान होते आणि ते छायाचित्र जगाने पाहिले. लोक गप्प नव्हते, शांत होते. या दोन शब्दांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

सहानुभूतीच्या मतांचा दावा आकड्यांपुढे टिकत नाही. शास्त्रीजींच्या जागी इंदिराजी आल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, १९६७ मध्ये, काँग्रेस लोकसभेच्या ५२० पैकी २८३ जागांवर घसरली. १९६२ मध्ये तिच्याकडे ४९४ पैकी ३६१ होत्या. १९७९ मध्ये अचानक पंतप्रधान झालेले चरणसिंग लोकसभेला सामोरेही जाऊ शकले नाहीत आणि पुढच्या निवडणुकीत सत्तेबाहेर फेकले गेले. उरते ते एकटे १९८४, आणि त्या डिसेंबरात काँग्रेसला ५१४ पैकी ४०४ जागा मिळाल्या हे खरे आहे.

त्या ४०४ जागांवरून जनतेने नोव्हेंबरच्या हत्यांवर मोहोर उमटवली, असे म्हणणे मात्र मतदाराची बदनामी आहे. लोकांनी देशाच्या ऐक्याच्या चिंतेने मत दिले असेल, तरुण पंतप्रधानाकडे पाहून दिले असेल, आईच्या चितेसमोर उभ्या असलेल्या मुलाकडे पाहून दिले असेल. मतपत्रिकेवर त्रिलोकपुरीविषयी प्रश्न छापलेला नव्हता. आणि छापलेला असता, बहुमतही मिळाले असते, तरी खून हा खूनच राहिला असता. म्हणूनच ११ ऑगस्ट २००५ रोजी त्याच पक्षाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी राज्यसभेत उभे राहून शीख समाजाची आणि साऱ्या देशाची माफी मागितली. जनतेच्या स्वाभाविक वागण्याबद्दल पंतप्रधान माफी मागत नसतो.

भाच्याने ती ओळ खोडली नाही. त्याने तिच्याखाली निकालाची तारीख लिहिली, ३४१, २१ आणि १५ हे तीन आकडे एकाखाली एक मांडले, आणि मग संदेश ज्याने पाठवला होता त्या मित्राला फोन लावण्यासाठी तो गच्चीवर गेला.