डिजिटल फोटोला फिल्मचा लुक देणं ही फसवणूक आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट नीट वाचली. फिल्म हवी असेल तर सरळ रोल घालून फोटो काढा, कॉम्प्युटरवर ग्रेन (फिल्मवर दिसणारे बारीक कण) टाकून आणि काळे रंग फिके करून फिल्मचा आव आणणं ही फसवणूक, असं तुमचं म्हणणं.

फिक्या काळ्यांचं आधी बोलू, कारण त्यात मी तुमच्याच बाजूने आहे. एडिटिंगमधल्या कर्व्हचं, म्हणजे उजेड-अंधार बदलणाऱ्या रेषेचं, डावं टोक वर उचललं की झाली फिल्म, असं तयार सेटिंग्ज म्हणजे प्रीसेट बनवणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं, पण अहो कोडाक्रोमची, म्हणजे कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्मची, नीट एक्सपोज झालेली स्लाइड लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) ठेवून बघा, काळा कसला गच्च असतो! फिका पडतो तो अल्बममध्ये वर्षानुवर्षं पडलेला प्रिंट, नाहीतर घाईत केलेला स्कॅन.

पण "रोल घाला" हे कोडाक्रोमच्या बाबतीत करायचं कसं? कोडॅकने २००९ साली ती बंद केली आणि तिचं के-१४ नावाचं खास डेव्हलपिंग करणारी शेवटची लॅब, कॅन्ससमधली ड्वेन्स फोटो, तिनेही २०१० संपताना रोल घेणं थांबवलं. त्या फिल्ममध्ये रंग आधीपासून नसायचेच, डेव्हलप करताना एकेका थरात तयार व्हायचे, त्यामुळे घरी करून बघू असंही जमत नाही. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांच्या फोटोंतले रंग बघत मी हे सगळं शिकायला लागलो, आणि त्या दिशेने जायचं तर आज माझ्या हातात डिजिटल कॅमेऱ्याची रॉ फाइलच (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) आहे.

आता तुम्ही ज्या फोटोवर बोट ठेवलंत तो, भुर्जीच्या गाडीवरच्या उघड्या बल्बचा. त्याच्याभोवती जी तांबूस कडा आहे ती सजावट म्हणून नाही टाकलेली. रंगीत फिल्ममध्ये लाल प्रकाश टिपणारा थर सगळ्यात खाली असतो, झगझगीत उजेड सगळे थर ओलांडून मागच्या बेसवर (फिल्मच्या पारदर्शक पट्टीवर) आपटतो आणि परत फिरताना आधी तोच थर गाठतो, म्हणून कडा लालसर येते. हेच मी फोटोशॉपमध्ये केलं: लेयर डुप्लिकेट करून थ्रेशोल्डने (कमी उजेडाचं सगळं काळं करून) फक्त बल्ब उरवला, गॉसियन ब्लर दिला, नारिंगी-लाल रंग भरून खालचं चित्र उजळवणाऱ्या स्क्रीन मोडला टाकला आणि ओपॅसिटी इतकी उतरवली की लेयर बंद केल्यावरच फरक कळावा. ग्रेनचंही तसंच, डिजिटल नॉइज सावल्यांत गर्दी करतं, पण ट्राय-एक्स या ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्मच्या प्रिंटमध्ये ग्रेन खुलून दिसतो मधल्या करड्या टोनमध्ये, गालावर, ढगाळ आभाळात, म्हणून मी तो मास्क लावूनच, म्हणजे ठरावीक भाग निवडूनच टाकतो, सरसकट नाही.

यात फसवणूक कुठे आली? कॅमेरा डिजिटल आहे आणि एडिट केलंय हे प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं असतं.

वडिलांच्या कोडाक्रोम स्लाइड्स घरी आहेत म्हणालात ना, त्यातल्या एकीचा फोटो पाठवाल का? स्कॅनरवर कोडाक्रोम बऱ्याचदा निळसर येते, त्यापेक्षा लाइटबॉक्सवर ठेवून मॅक्रो लेन्सने रॉमध्ये काढलात तर रंग जास्त खरे मिळतील, आणि मला माझा कर्व्ह त्याच्याशी ताडून बघता येईल.